नालीच्या डावीकडचा दगड

पाणी पिताना बारक्याला ठसका लागला, बाटली हिंदकळली आणि ओंजळभर पाणी ग्रंथालयाच्या अंगणात सांडलं. एवढंच झालं. सकाळचे दहा वाजले होते, तो पायरीवर बसला होता आणि सांडलेल्या पाण्याकडे बघायची खरं तर काही गरज नव्हती. पण पंचवीस वर्षं दगड धुण्यात आणि दगडाला सीलर मारण्यात गेली की पाणी सांडल्यावर नजर आपोआप खाली जाते. अंगणाच्या मधोमध वीतभर रुंदीची नाली होती. नालीच्या उजवीकडे पडलेले थेंब गोट्यांसारखे उभे होते, गोल, चकचकीत, जिथल्या तिथे. डावीकडे थेंब नव्हतेच. तिथे पिवळ्या दगडावर काळपट ओले डाग होते आणि ते बघता बघता पसरत होते. बारक्याने खोकला आवरला. बाटली तिरकी करून त्याने डावीकडे एकच थेंब टाकला. दगडाने तो पिऊन टाकला. चार फूट पुढे जाऊन दुसरा टाकला. तोही गेला. थेट भिंतीपर्यंत जाऊन टाकला, तर तिथला दगड जास्तच तहानलेला निघाला. मग नाली ओलांडून उजवीकडे एक टाकला. तो उभा राहिला आणि वाऱ्याने हलून नालीत घरंगळला. पंधरा दिवसांपूर्वी या अख्ख्या अंगणाला सीलरचे दोन हात मारून झाले होते. पाणी आत शिरू नये, डाग बसू नये, शेवाळ धरू नये म्हणूनच तर मारायचा तो. उजवी बाजू त्याने आणि दादाने मिळून केली होती. डावी एकट्या दादाने केली होती.

बारक्या हे घरातलं नाव. आता वय एक्केचाळीस, पोट जरा सुटलेलं, डोळ्यांवर चष्मा, कानशिलांवर पांढरं. तरी दादाच्या तोंडी बारक्याच. दादा बारा वर्षांनी मोठा. बाप लवकर गेला तेव्हा दादाने शाळा सोडून हातात ब्रश घेतला, आणि पुढे बारक्याच्या हातात दुसरा ब्रश दिला. दादाची चूक झाली असेल हा विचार बारक्याच्या डोक्यात चटकन शिरेना, दारातच घुटमळत राहिला. त्याआधी दुसरे विचार आत आले. दगडाचा लॉट वेगळा असेल. ॲसिड नीट धुतलं गेलं नसेल. डावीकडे ऊन कमी, ओल राहिली असेल. पण ओल राहिली तर सीलर पांढरा पडतो, ढग येतात दगडावर. इथे ढग नाही, पोपडा नाही, काहीच नाही. ह्या दगडाला सीलर लागलेलाच नाही, असं दगड सांगत होता, आणि दगड कशाला खोटं बोलेल?

तेवढ्यात ग्रंथपाल बाई बाहेर आल्या. "अरे वा! आज एकटेच? दादा कुठेत?"

"सहज आलो होतो," बारक्या म्हणाला. "म्हटलं बघून जावं."

"फार छान झालंय हो. रविवारी इथे दोनशे माणसांचा चहा आहे बरं का. दादांना मी विचारलं होतं, चहा सांडला तर काय? तर म्हणे, चहा काय घेऊन बसलात, शाईची दौत ओता!" बाई खळखळून हसल्या. बारक्याही हसला. हसता हसता त्याने बुटाने एक ओला डाग झाकला.

आज गुरुवार. आणि खिशात कंपनीचं पत्र होतं, ते आता मांडीला टोचायला लागलं. खरं तर तो कंपनीतूनच येत होता. छातीची शेवटची तपासणी करून, सह्या ठोकून. सोमवारी सकाळी आठला हजर व्हायचं. मोठमोठ्या इमारतींच्या फरशा राखणारी कंपनी. तिथे यंत्रावर बसून फरशी धुतात, खुर्चीवर बसल्यासारखं. तोंडाला मास्क लावल्याशिवाय आत सोडत नाहीत. दर सहा महिन्यांनी नळीत फुंकायला लावतात. आज त्याने फुंकलं तेव्हा काटा निम्म्यावर जाऊन बसला. डॉक्टर म्हणाले, "घेतोय तुम्हाला, पण ह्यापुढे जपा. इतकी वर्षं मास्क वापरत नव्हता का?"  बायको अर्ज केल्यापासून महिनाभर रोज विचारत होती, "दादांना सांगितलंस का?" आणि तो रोज म्हणत होता, "आज सांगतो." हातातलं काम संपलं की सांगू, दादाचा मूड बघून सांगू, असं करत करत सोमवार चार दिवसांवर आला होता. पंचवीस वर्षं ज्याच्या मागे चाललो त्याला, मी निघालो, हे दोन शब्द सांगायचे, तर जिभेला जणू कुलूप. आणि डावं अंगण दादाने एकट्याने का केलं? तर त्या दिवशी बारक्या म्हणाला होता, दात दुखतोय, डॉक्टरकडे जातो. गेला होता मुलाखतीला.

तिथून तो सरळ शेडवर गेला. शेड म्हणजे टेम्पो लावायची जागा आणि मागे पत्र्याची खोली. सीलरचे डबे निळे, वीस लिटरचे. रिकामा डबा दादा कधी फेकत नसे. धुऊन त्यात साधं पाणी भरून ठेवायचा, दगड धुतल्यावर शेवटचा हात द्यायला. दोन्ही डबे सारखेच निळे, दोन्हींतला माल पाण्यासारखाच पारदर्शक. पंचवीस वर्षांत कधी कुणाचा घोळ झाला नाही, कारण झाकण उघडलं की सीलरचा वास असा नाकात घुसायचा की मेलेला माणूस उठून बसेल. बारक्याने भिंतीजवळचा डबा हलवला. जड होता. झाकणाचं सीलसुद्धा तुटलेलं नव्हतं. हा डबा पंधरा दिवसांपूर्वी संपायला हवा होता. शेजारचा पाण्याचा डबा उचलला, तर तो हलका लागला. तळाशी वाटीभर पाणी डुचमळलं.

बारक्या पालथ्या बादलीवर बसला. म्हणजे दादाने अर्ध्या अंगणाला पाणी मारलं. ब्रशने. दोन हात. आणि त्याला कळलं नाही.

दादाला. ज्याच्या नाकावर धंदा उभा राहिला त्या दादाला. बाकीचे लोक डब्यावर छापलेलं वाचायचे: पहिल्या हातानंतर इतकी मिनिटं थांबा, मग दुसरा मारा. दादा म्हणायचा, "डब्यावरचं वाचून कारकून काम करतात. दगड काय डबा वाचून वाळतो?" पहिला हात मारला की तो पायरीवर उकिडवा बसायचा, डोळे मिटून. वास आधी तिखट असतो, मग तो पातळ होत जातो, आणि मग केव्हातरी जरासा गोडसर होतो. तो गोडसर झाला की उठायचं. त्याआधी दुसरा हात मारला तर दगडावर साय धरते. उशीर केला तर दगड आत घेत नाही. दादाचा हात कधी चुकला नाही. धुतलेला दगड आतून ओला आहे की वाळला, हेही तो वाकून हुंगून सांगायचा. गिऱ्हाईक बघत असलं तर जरा जास्तच वाकायचा. दादाला तेवढी हौस होतीच. बारक्या सोळा वर्षांचा असताना त्याने पहिली सिगारेट ओढली, वर बडीशेप खाल्ली, पेरू खाल्ला, हात मातीत घासले, आणि दादा रस्त्याच्या पलीकडूनच ओरडला, "पेरू गोड होता का रे, बारक्या? आणि त्याच्या आधीचं?" त्या दिवशी एक सणसणीत कानाखाली बसली होती. वहिनी तेव्हा नवी नवरी होती. ती म्हणाली होती, "ह्यांच्यापासून काही लपवायचं तर दुसऱ्या गावाला जाऊन लपवावं लागेल."

शेडमध्ये खिळ्याला एक मास्क लटकत होता. काळा रबरी, दोन्ही गालांवर गोल चकत्यांचा. बारक्याचाच. त्याच्यावर धूळ बसली होती. तो बघून बारक्याला काहीतरी आठवायला लागलं, आणि जे आठवायला लागलं ते आवडेना. पहिल्या दिवसापासून दादाने त्याला हा मास्क लावायला लावला होता. स्वतः कधी लावला नाही, "मी लावला तर वास कोण घेणार?" पण बारक्याने जरा ढिला केला तरी खेकसायचा. आणि मग दोन वर्षांपूर्वी एकदा, एका मोठ्या गच्चीच्या कामावर, दादा म्हणाला, "काढ ते थोबाडावरचं. उन्हात घुसमटतोस उगाच. राजपुत्र लागून गेलास काय?" बारक्याला बरंच वाटलं होतं. वाटलं, आपण आता मोठे झालो दादाच्या लेखी. तेव्हापासून मास्क खिळ्याला. तेव्हापासून डबा उघडला की दादा आधी त्याच्याकडे बघायचा. बारक्या नाक मुरडायचा, तोंड वाकडं करायचा, आणि दादा हसून म्हणायचा, "झोंबलं ना? अस्सल माल आहे." पहिल्या हातानंतर पायरीवर दोघं बसायचे, तेव्हाही दादाचे डोळे मिटलेले नसायचे. ते बारक्याच्या तोंडावर असायचे. वास मऊ पडला की बारक्याचं मुरडलेलं नाक सैल व्हायचं, आणि दादा गुडघ्यावर हात देऊन उठायचा. "चल. गोडसर झाला."

बारक्याला वाटत आलं होतं, वय झालं, माया वाढली, म्हणून बघत असेल. दोन वर्षं तसंच वाटलं होतं त्याला.

आणि ते लवंगेचं तेल! दात दुखण्याचं सोंग केलं तर वहिनीने शिशी पाठवली. आता सोंग घेतलंच आहे तर वठवायला हवं, म्हणून बारक्या दुसऱ्या दिवशी गालात तेलाचा बोळा धरून टेम्पोत बसला. काचा वर होत्या. लवंगेच्या वासाने त्याचे स्वतःचे डोळे चुरचुरत होते. आणि दादाने गाडी चालवता चालवता विचारलं, "तेल लावलंस का रे?"  बारक्याला वाटलं, दादा तिरकं बोलतोय, दादाने चोरी पकडली. तो दिवसभर धाकात होता. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते हेच. दादा बिचारा खरंच विचारत होता.

तरीसुद्धा खात्री करायला हवी होती. नव्या दगडावर ॲसिड टाकायचं तर आधी कोपऱ्यात, कुंडीमागे, जिथे कुणाची नजर जात नाही तिथे थेंबभर टाकून बघायचं, हे दादानेच शिकवलेलं. बारक्याने घरी अर्धा डबा सीलर होता त्यात फडकं बुडवलं, ते जेवणाच्या डब्यात कोंबलं, झाकण लावलं आणि संध्याकाळी दादाकडे गेला. जाताना त्याला स्वतःची लाज वाटत होती. सख्ख्या भावावर चाचणी करायला निघालोय. दादा खुर्चीत पेपर वाचत होता. "ये. दात कसा आहे?" बारक्या म्हणाला, बरा आहे. खुर्चीला लागून खाली बसला, डबा खुर्चीच्या पायाशी ठेवला आणि अंगठ्याने झाकण उचकटलं. वास भपकन वर आला. दादाने पान उलटलं. "ह्या बातम्या बघ," तो म्हणाला, "सगळे चोर लेकाचे." बारक्या त्याच्या नाकाकडे बघत राहिला. तेच रुंद, मोठं, किंचित डावीकडे कललेलं नाक. श्वास आत जात होता, बाहेर येत होता. वास त्याच श्वासातून आत जात असणार, आणि आत कुणीच नाही.

मग वहिनी चहा घेऊन आली आणि दारातच थबकली. "अगंबाई! कसला हा उग्र वास!" तिने कोपराने नाक झाकलं. दादाने मान वर केली. आधी त्याने वहिनीच्या तोंडाकडे बघितलं. मग नाक मुरडलं. "हो ना. मघापासून डोकं उठलंय माझं. काय रे बारक्या, काय आणलंस?" अगदी हुबेहूब जमलं होतं. फक्त एक श्वास उशीर झाला होता.

"फडकं राहिलं डब्यात," बारक्या म्हणाला आणि झाकण लावलं.  वहिनी त्याला दारापर्यंत सोडायला आली, चपला घालेपर्यंत उभी राहिली. आणि हळूच म्हणाली, "भाऊजी, हल्ली भाजी लागली की मीच आधी ओरडते. चहात आलं जास्त पडलं तर मीच म्हणते, बाई, आलं जास्त झालं. म्हणजे मग त्यांना बोलायला बरं पडतं."

"म्हणजे तुम्हाला..."

"दीड वर्ष. ते मला सांगत नाहीत, मी त्यांना विचारत नाही. चाललंय." ती थांबली. "तुम्ही आज जे केलंत ते बरं नाही केलंत."

वहिनी अलीकडे फार बडबडते, असं बारक्याला वाटायचं. सारखं आपलं, कणीस छान भाजलं हो, कुणीतरी अत्तर लावलंय वाटतं. त्याने एकदा बायकोजवळ त्यावरून थट्टाही केली होती. आता परतताना त्याला ते सगळं आठवून कानशिलं तापली. पण त्याच्याखाली दुसरं काहीतरी उकळत होतं, आणि रस्त्याने चालताना ते वर आलं. राग होता तो. दादाने मास्क काढायला लावला तो ह्यासाठी. माझं तोंड उघडं दिसावं म्हणून. दोन वर्षं मी तो माल छातीत ओढला, का, तर ह्याला माझं नाक वाचायचं होतं. काटा निम्म्यावर बसला तो ह्यामुळे. त्याला मोठ्याने ओरडावंसं वाटलं. आणि लगेच वाटलं, ओरडणार कुणावर? मी तरी कुठला सत्यवादी? दात दुखतोय म्हणून पळालो नसतो, तर डबा उघडताना माझं तोंड तिथे असतं. दादाने बघितलं असतं, माझं तोंड साधं आहे, नाक हललं नाही, म्हणजे हे पाणी. चूक झालीच नसती. आणि सोमवारनंतर तर रोजच माझं तोंड नसणार. मग काय करील हा? कुणाकडे बघेल? म्हणजे जायचं नाही? आणि गेलो नाही तर ही छाती? एका पावलाला वाटत होतं जायचं, दुसऱ्या पावलाला वाटत होतं नाही. घर आलं तरी पावलांचं काही जमलं नाही, म्हणून तो आणखी दोन चकरा मारून आला.

पहाटेपर्यंत त्याने एक गोष्ट ठरवली. डावं अंगण आपण गुपचूप करून टाकायचं. ग्रंथालय दहाला उघडतं, सहाला सुरू केलं तर नवापर्यंत दोन्ही हात होतात. बाईंना कळायला नको, दादाला कळायला नको. झाकली मूठ झाकलेली राहील. सोमवारचं सोमवारी बघू. तो शेडवर पोचला तर शेडचं दार उघडं होतं. टेम्पो नव्हता. भरलेला डबा नव्हता. खिळ्यावरचा मास्कही नव्हता.

तो धावत ग्रंथालयापर्यंत गेला आणि फाटकापाशी खोकत उभा राहिला. पहारेकऱ्याने आत बोट दाखवलं. अंगणात डावीकडे दादा उकिडवा बसला होता, हातात तांब्या. बोटं पाण्यात बुडवून तो एकेका फरशीवर थेंब टाकत होता, वाट बघत होता, आणि पुढच्या फरशीकडे सरकत होता. भिंतीपासून नालीपर्यंत ओळीने ओले डाग पडले होते. किती वेळ चाललं होतं कुणास ठाऊक. पहिल्या ओळी वाळूनही गेल्या होत्या.

"दादा."

"सगळं पितंय," दादा वर न बघता म्हणाला. "मला वाटलं, एखादी ओळ तरी धरली असेल."

बारक्या त्याच्या शेजारी बसला.

"पाण्याचे दोन हात मारले मी," दादा म्हणाला. "नीट मारले रे. आधी उभे, मग आडवे. मध्ये पायरीवर जाऊन बसलो. बाई चहा घेऊन आल्या तर त्यांना म्हटलं, थांबा, अजून गोडसर झाला नाही." तो हसायला गेला, पण ते काही जमलं नाही. "काल तू डबा ठेवलास पायाशी. मला दिसला होता तो. वाटलं, जेवण असेल. मग ती ओरडली. तू गेल्यावर मी विचार केला, हा पोरगा जेवणाचा डबा घेऊन आपल्याकडे कधीपासून यायला लागला? मग शेडवर गेलो."

"मी एकट्याने करणार होतो आज."

"मला न सांगता."

"हो."

"आणि सोमवारी कंपनीत."

 "कुणी सांगितलं?"

"कोण सांगणार? दोन वर्षं तुझं थोबाड बघतोय मी. वासासाठी बघत होतो, पण तोंडात काय फक्त वास असतो? महिनाभर तू माझ्याशी बोलायला येतोस आणि गिळून परत जातोस. दात दुखणाऱ्याचं तोंड तसं नसतं. रस्त्याने जाताना त्या कंपनीची गाडी दिसली की तू दुसरीकडे बघतोस. मी म्हटलं, सांगेल. आज ना उद्या सांगेल."

तेव्हा बारक्याचा बांध फुटला. काय बोलायचं ते त्याने रात्रभर घोळवलं होतं, त्यातलं एकही वाक्य आठवलं नाही. "तू मास्क का काढायला लावलास?" तो ओरडला. "एवढंच सांग मला. तुला वास येत नव्हता तर सांगायचं होतंस. मी सांगितला असता! रोज सांगितला असता, तिखट आहे, पातळ झाला, गोड झाला. तोंड होतं ना मला? काल नळीत फुंकलं तर काटा निम्म्यावर बसला, दादा. निम्म्यावर!" पुढे खोकल्याने त्याला बोलू दिलं नाही. पहारेकरी फाटकातून डोकावून गेला.

दादा तांब्याकडे बघत होता. "चारदा ओठांवर आलं होतं," तो म्हणाला. "मास्क लाव म्हणायचं. तू खोकायचास तेव्हा. पण तोंड झाकलं तर मला काय दिसणार? आणि विचारायचं म्हणजे कबूल करायचं, आपल्यात आता ते राहिलं नाही म्हणून. ते जमेना. लोक आपल्याला कशावरून ओळखतात? तूच कशावरून ओळखतोस मला?" त्याने बोटं झटकली. शेवटचे थेंब दगडावर पडले आणि दगडात गेले. "चुकलो मी, बारक्या."

एक्केचाळीस वर्षांत बारक्याने दादाच्या तोंडून हा शब्द ऐकला नव्हता. तो ऐकायला मिळाला की बरं वाटेल, अशी त्याची काल समजूत होती. बरं काही वाटलं नाही. दादा म्हातारा दिसायला लागला, एवढंच झालं.

दादा उठला, टेम्पोतून पिशवी घेऊन आला. आतून बारक्याचा मास्क निघाला, साबणाने धुतलेला, पट्टा अजून ओलसर, दोन्ही चकत्या नव्या. "तुझ्या वहिनीने धुतला. काल आम्ही दोघं बोललो. सगळं." मग त्याने पिशवीतून आणखी एक मास्क काढला. तो प्लास्टिकमध्येच होता, तुझ्या मास्कबरोबर माझाही आणला होता, म्हणाला, पंचवीस वर्षं कपाटात होता. प्लास्टिक दाताने फाडलं. बारक्याचा मास्क मात्र त्याने बारक्याच्या हातात दिला नाही. स्वतःच त्याच्या तोंडावर बसवला, मागे जाऊन पट्टा ओढला, कानामागे बोट घालून नीट केला, पोराला शाळेसाठी तयार करावं तसा. "घट्ट होतोय?" बारक्याने मान हलवली, नाही. मग दादाने आपला लावला, आणि डब्याचं सील तोडलं. झाकण उघडताना त्याची मान सवयीने बारक्याकडे वळली. तिथे काळं रबर होतं. त्याने मान परत डब्याकडे नेली.

"काय लिहिलंय वाच," तो म्हणाला. मास्कमधून त्याचा आवाज विहिरीतून आल्यासारखा येत होता. "माझा चष्मा घरी राहिला."

बारक्याने डबा फिरवला. "पहिल्या हातानंतर पंचेचाळीस मिनिटं थांबावे."

"पंचेचाळीस." दादाने मनगटावरचं घड्याळ काढलं. "कारकुनांचं कारकुनांना ठाऊक. चल."

थेंबांचे डाग वाळल्यावर दोघांनी भिंतीकडून सुरुवात केली, ओळीने मागे सरकत. आधी उभे हात, मग आडवे. दगड ओढून घेत होता, गडद होत होता. त्याच्या पिवळ्या रंगात पंधरा दिवस दबलेल्या तपकिरी रेघा वर येत होत्या.  नालीपाशी पोचून ते उठले आणि पायरीवर जाऊन बसले. घड्याळ दादाने दोघांच्या मध्ये ठेवलं. बारक्याला कसलाच वास येत नव्हता, रबराचा आणि साबणाचा सोडून. त्याला वाटलं, दादाला हे असंच होत असणार, दोन वर्षं. वहिनीच्या चहाला, भाजीला, ह्या दगडाला, सगळ्या जगाला काहीच नाही.

"सोमवारी आठला ना?" दादा समोर बघत म्हणाला. "पावणेआठला पोच. पहिल्या दिवशी उशीर बरा दिसत नाही. आणि तिथे फार शहाणपण करू नकोस, ते सांगतील तसं कर. इकडची काळजी नको. तुझी वहिनी म्हणते, मी येते डबे उघडायला. तिचं नाक केवढं तिखट आहे ते तू बघितलंसच काल. दोघं म्हातारा-म्हातारी, एक नाक नि एक घड्याळ. होईल."

 मास्कच्या आत बारक्याच्या गालांवरून काहीतरी गरम खाली येऊन रबराच्या कडेला साठत होतं. दादा सवयीने त्याच्याकडे वळला. बघत राहिला. दोन गोल चकत्या, काळं रबर, वर चष्म्याच्या वाफाळलेल्या काचा. कितीतरी वेळ तो बघत राहिला.

"काय झालं?" शेवटी त्याने विचारलं. "बोल की, बारक्या. मला काही दिसत नाहीये."

बारक्याने एक हुंदका गिळला, मग आणखी एक.

"दात दुखतोय," तो म्हणाला.

दादाचे खांदे हलले. हसला की काय झालं, मास्कमुळे बारक्यालाही कळलं नाही. मग दादाने हात लांब करून बारक्याची मान धरली, लहानपणी धरायचा तशी, आणि दुसऱ्या हाताने घड्याळ दोघांना दिसेल असं फिरवून ठेवलं. अजून बावीस मिनिटं होती.